सातामाच्या कथेखालची रिकामी जागा

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सकाळी सव्वानऊच्या सुमाराला, रायली कूस्निएमीने रेपोसारी बेटावरच्या शेवटच्या थांब्यावर बस उभी केली, थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली आणि फोन उघडला. कॉफी तशीच निवली.

ओउतीची सूचना होती. फोरम चालवणारी ओउती मोजकंच लिहायची. 'आपलं जुनं घर बंद होतंय. सगळं नव्या जागी हलवतेय. हलवाहलवीचं काम एक प्रोग्रॅम करतो, आणि ज्या कथेखाली एकही अभिप्राय नाही तिला तो रिकामी समजून टाकून देतो. मला तो बदलता येत नाही. अशा दोनशे चौदा कथा आहेत. अठ्ठावीस तारखेला दुपारी बाराला मी बटण दाबणार.'

फोरम म्हणजे 'वाटाड्यांचं बेट' या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांची इंटरनेटवरची जागा. बंदरात येणाऱ्या जहाजांना खडकांमधून वाट दाखवणारे लोक, त्यांचं बेटावरचं ठाणं, आणि त्या ठाण्यात रेडिओवर बसणारी साइमी, अशी ती मालिका. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी इल्मारी नावाचा वाटाड्या वादळात बोट घेऊन जातो, आणि तो परतला की नाही हे कळायच्या आतच मालिका बंद पडली. लोक चिडले, हळहळले, आणि मग स्वतःच पुढचं लिहायला बसले. कुणी इल्मारीला परत आणलं, कुणी बुडवलं, कुणी त्याचं साइमीशी लग्न लावलं. फॅन फिक्शन म्हणतात त्याला. पंधरा वर्षांत सहा हजार कथा जमल्या होत्या.

रायली त्या फोरमवर 'रास्तास' होती. रास्तास म्हणजे कस्तुर पक्षी. सत्तावन्न वर्षांची, रुंद खांद्यांची, एकटी राहणारी आणि कुणाशी फारसं न बोलणारी ही बाई सबंध फोरमला ठाऊक होती ती तिच्या अभिप्रायांमुळे. 'छान', 'मस्त', 'पुढचा भाग कधी?' असलं ती लिहीत नसे. कथेत ती जिथे थबकली ती जागा सांगायची. 'साइमी ओले हातमोजे रेडिओच्या पेटीवर वाळत घालते, तिथे मी वाचायची थांबले आणि खिडकीबाहेर पाहत बसले,' एवढंच. पण ज्याला ते मिळे तो आठवडाभर हवेत असे. पहिली कथा टाकून धडधडत्या छातीने बसलेल्या कितीतरी जणांनी दुसरी लिहिली ती रास्तासच्या चार ओळींच्या जोरावर.

सूचनेखाली तोवर वादावादी जुंपली होती. कुणीतरी म्हणालं, सगळ्या दोनशे चौदांखाली नुसतं 'वाचलं' असं टाकून देऊ, पाच मिनिटांचं काम. ओउतीने ताबडतोब उत्तर दिलं, 'या फोरमचा पहिला नियम काय आहे? न वाचता लिहायचं नाही. कुणी तसं टाकलं तर मी स्वतः पुसून टाकीन. खोटी दाद नव्या घरात नेणार नाही.'

रायलीने निवलेली कॉफी बर्फात ओतली आणि लिहिलं, 'यादी पाठव.'

दुपारी ओउतीचा फोन आला. दोघींची ओळख तेरा वर्षांची, भेट फक्त दोनदा झालेली.

"अगं, वेड लागलंय का तुला? एकोणीस दिवस आहेत. दिवसाला अकरा-बारा कथा. आणि वाचून, बरं का."

"वाचूनच. मला काय नियम शिकवतेस?"

"बाकीचे म्हणतात आम्ही थोड्या वाटून घेतो."

"घेऊ देत की. सोडल्या तर माझ्याकडे परत दे."

बाकीच्यांनी दहा-बारा घेतल्या, त्या सगळ्या आठवड्यात परत आल्या.

रायलीने यादी छापून स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरली. पहिल्या दोन पानांवर ओळखीचं काही नव्हतं. मालिका पुन्हा दाखवली गेली त्या वर्षी फोरमवर महिन्याला शे-दीडशे कथा पडायच्या, आणि नवख्यांच्या कथा तासाभरात खाली जायच्या. तिसऱ्या पानावर एकशे अठ्ठ्याण्णवाव्या ओळीवर तिची पेन्सिल थांबली.

'शेवटची खेप. लेखन: सातामा. सात भाग. अभिप्राय: शून्य.'

तिने पेन्सिल तशीच खाली एकशे नव्व्याण्णवावर नेली.

सातामा म्हणजे बंदर. तेरा वर्षांपूर्वी रायलीनेही एक कथा लिहिली होती. आयुष्यातली एकुलती एक. चार महिने लिहीत होती. एका रविवारी ती फोरमवर टाकून जंगलात चालायला गेली, कारण घरात बसवेना. परत आली तेव्हा कथेखाली चौदा ओळी होत्या, सातामाच्या. 'लेखिकेने समुद्र पाहिलेला नाही हे पहिल्याच परिच्छेदात कळतं. वाटाड्यांची बोट अशी वळत नाही. साइमी असं बोलत नाही, कुठलंच माणूस असं बोलत नाही.' असं करत करत शेवटी: 'लिहिण्याआधी या बाईंनी दहा वर्षं वाचावं.'

ते जिव्हारी लागलं. रायलीने कथा काढून टाकली, पुन्हा एक ओळ लिहिली नाही, आणि खरोखरच वाचत बसली. आपल्याला कुणी काय म्हणायला हवं होतं, ते ती दुसऱ्यांना म्हणत राहिली.

दोन वर्षांनी सातामाने 'शेवटची खेप' टाकली. तोवर सातामाने फोरमवर निम्म्या लोकांना ओरबाडलं होतं, त्यामुळे कुणी फिरकायला तयार नव्हतं. तरीही काही जण वाट पाहत होते, रास्तास काय म्हणते याची. रास्तास काहीच म्हणाली नाही. दिसेल त्या कथेखाली लिहिणाऱ्या बाईने ही मोकळी सोडली, म्हणजे काहीतरी कारण असणार, असं लोकांनी धरलं. वर्षातून एक-दोनदा रायली मुद्दाम जाऊन बघायची. शून्य. अजून शून्य. तेव्हा तिला आतून थोडं बरं वाटायचं, हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

ती कामाला लागली. पहाटेची पाळी दुपारी संपायची. घरी येऊन राय धान्याच्या काळ्या पावाला लोणी लावायचं आणि वाचत बसायचं ते जेवणापर्यंत. बहुतेक कथा दोन-तीन पानांच्या होत्या. काही इतक्या वाईट होत्या की तिला हसू आवरेना. एकीत इल्मारी बाल्टिक समुद्रात शार्कशी कुस्ती खेळत होता. लिहिणारं पोर बारा-तेरा वर्षांचं असणार. रायलीने त्याखाली लिहिलं, 'आपल्या समुद्रात शार्क नाही. पण मरताना तो शार्क इल्मारीची माफी मागतो, हे मी कधीच कुठे वाचलं नव्हतं, आणि मला त्याची दया आली.' हे खरं होतं. दया आलीच होती.

काही कथा मात्र चांगल्या होत्या, आणि त्याच तिला छळायच्या. एवढं चांगलं लिहून एखादी मुलगी दहा वर्षांपूर्वी पंधरा दिवस रोज पान उघडून बसली असेल, मग कंटाळून गेली असेल, आता कुठल्या गावात काय करत असेल कोण जाणे.

"डोळे बघ तुझे," डेपोतल्या खोलीत एन्सिओ म्हणाला. एन्सिओ तिच्यासारखाच जुना ड्रायव्हर. त्याच्या हातात बदाम भरलेला साईचा पाव होता, आणि साय मिशीला लागली होती. "सशासारखे लाल झालेत. प्रेमात पडलीस की काय?"

"दोनशे जणांच्या."

"बाप रे. मग माझा नंबर लागायचा नाही." पाव चावता चावता तो थांबला. "खरं सांग, झोपतेस ना नीट? घसरण वाढलीय रस्त्यावर."

"झोपते," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं. झोप मिळत होती, पण डोकं रिकामं होत नव्हतं.

बाराव्या दिवशी ते दिसलं. बंदराजवळच्या थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ हात वर करून उभे होते. रोजचे. रायली त्यांना पाहत असूनही सरळ पुढे गेली, कारण तिच्या डोक्यात साइमी एक न पोहोचलेला निरोप पुन्हा पुन्हा वाचत होती. शंभर-दीडशे मीटरवर आरशात तो वर राहिलेला हात दिसला. तिने बस कडेला घेतली, दिवे लावले, उतरली आणि बर्फातून त्यांच्याकडे धावत गेली.

"काय हो बाई," म्हातारबुवा दाढीवरचं हिम झटकत म्हणाले, "मी आता दिसेनासा झालो का काय?"

"माफ करा. चूक माझी."

"बावीस वर्षं तुमच्या बसने जातोय. पहिल्यांदा घाबरलो."

तापमान शून्याखाली सतरा अंश होतं. रायलीने त्यांना हाताला धरून बसपर्यंत आणलं. रस्त्यावर एखादं पोर असतं तर? त्या दिवशी डेपोत जाऊन तिने घडलं ते साहेबांना स्वतःहून सांगितलं आणि शिल्लक रजेतले चार दिवस मागितले. ओउतीला तिने लिहिलं, 'बस आणि कथा एकाच डोक्यात मावत नाहीत. चार दिवस फक्त कथा. मग काय उरेल ते उरेल.'

त्या चार दिवसांत तिने सत्तर कथा वाचल्या. अभिप्राय हाताने लिहिले असते तर बोटं सुजली असती. रविवारी, सत्तावीस तारखेला दुपारी चार वाजता, तिने दोनशे तेरावी संपवली, अभिप्राय पाठवला आणि डोळे मिटून बसली.

फोन वाजला.

"एक राहिलीय," ओउती म्हणाली.

"माहितेय."

"कुणाची ते तुला माहितेय."

"ओउती, ती मी नाही वाचणार."

 मग ओउती म्हणाली, "नको वाचूस. तुझ्यावर जबरदस्ती कोण करतंय? दोनशे तेरा वाचवल्यास तू, लोक तुझी पूजा करायच्या बेतात आहेत."

"तूच वाच ना मग. तूही लिहू शकतेस."

"मी वाचली, अकरा वर्षांपूर्वीच."

"आणि?"

"आणि लिहिलं नाही. माझ्या बहिणीला तिने जे लिहिलं होतं ते आठवलं. मग तू लिहिलं नाहीस हे पाहिलं, आणि म्हटलं, रास्तास गप्प आहे, म्हणजे मी गप्प राहिले तरी चालेल." ओउतीचा आवाज बारीक झाला. "आता मी लिहिलं तर ते लाजेपोटी होईल. त्याला मी वाचून दिलेली दाद म्हणू शकत नाही. उद्या बाराला बटण दाबते. ठेवते."

रायलीने फोन टेबलावर पालथा ठेवला. 'रास्तास गप्प आहे, म्हणजे चालेल.' तिला एकदम राग आला. ओउतीचा, सातामाचा, स्वतःचा, कुणाचा ते तिला धड कळेना. मी काय जगाचा ठेका घेतलाय? एका बाईने मला चौदा ओळींत मारलं, मी तिला एक ओळ दिली नाही. फिटंफाट.

साडेपाचला तिने कॉफी केली, पेन्सिल टोकदार केली आणि 'शेवटची खेप' उघडली. चुका काढायला. चौदा ओळी तिलाही लिहिता येत होत्या.

पहिल्या भागात तिला चार सापडल्या. दुसऱ्यात तीन. तिसऱ्या भागात साइमी आणि ठाण्याचा प्रमुख इतकं लाकडासारखं बोलत होते की रायली मोठ्याने म्हणाली, "कुठलंच माणूस असं बोलत नाही, बाईसाहेब." स्वयंपाकघरात तो आवाज विचित्र वाटला. चौथ्यात इल्मारी परत येत नाही हे कळलं. वादळ नाही, शोध नाही, रडारड नाही. साइमी रोज सकाळी सहाला रेडिओवर हवामान सांगते, आणि सगळ्यांत शेवटी एका बोटीचं नाव घेऊन दोन क्षण थांबते. नियमात ते बसत नाही. पण कुणी तिला अडवत नाही.

पाचव्या भागात रायलीने पेन्सिल खाली ठेवली. ठेवल्याचं तिला नंतर जाणवलं. नऊ वाजले होते, पहाटे साडेचारला उठायचं होतं आणि दोन भाग उरले होते. आठवड्यापूर्वीचा तो वर राहिलेला हात तिला दिसला. तिने कॉम्प्युटर बंद केला आणि निजली.

सोमवारी पहाटेपासून वारा सुटला होता. बेटाकडे जाणारा रस्ता समुद्रात भर घालून काढलेला, दोन्ही बाजूंनी उघडा. बर्फ आडवा येऊन काचेवर आपटत होता. रायलीने दोन्ही हात चाकावर घट्ट ठेवले आणि डोक्यात बसखेरीज काही येऊ दिलं नाही. पहिल्या खेपेला शेवटच्या थांब्यावर तिला नऊ मिनिटं मिळाली. सहावा भाग वाचून झाला. दुसऱ्या खेपेला बर्फ सारणारी गाडी पुढे होती, तिच्यामागे रांगत जावं लागलं, आणि थांब्यावर पोहोचली तेव्हा परत निघायला दोनच मिनिटं होती. फोन तिने खिशातून काढलासुद्धा नाही. काढला तर परतीच्या रस्ताभर डोकं कथेतच राहील, हे तिला कळत होतं.

तिसरी आणि शेवटची खेप. दहा पस्तीसला बस थांब्यावर, निघायची वेळ दहा बेचाळीस. तिने सातवा भाग उघडला. पाच पानं. सहा मिनिटांत संपवला, आणि उरलेल्या मिनिटात दाराजवळ उभी राहून वारा खाल्ला. एक बाई मुलाची गाडी घेऊन चढली आणि म्हणाली, "रडताय का हो तुम्ही?"

"वारा आहे," रायली म्हणाली आणि तिने दार लावलं.

डेपोत ती अकरा एकेचाळीसला शिरायला हवी होती. शिरली अकरा अठ्ठेचाळीसला. एन्सिओ फाटकाशी उभा होता.

"एन्सिओ, माझी गाडी आत घेतोस? विचारू नकोस काही."

"विचारतो कशाला? पळ."

खोलीत चार जण जेवत होते, रेडिओ चालू होता. ती कपड्यांच्या कपाटांमागच्या बाकावर बसली आणि लिहू लागली. आधी ते आलं जे तेरा वर्षं आत साठलं होतं. 'तिसऱ्या भागातली माणसं माणसांसारखी बोलत नाहीत. दुसऱ्या भागात बुधवारनंतर मंगळवार येतो. ठाणेप्रमुखाचं नाव दोनदा बदललंय. लेखिकेला समुद्र माहीत असेल, माणसं माहीत नाहीत.' बोटं भराभर चालली. चौदा ओळी झाल्या. तिने मोजल्या. त्यातली एकही खोटी नव्हती.

अकरा त्रेपन्न.

बोट पाठवण्याच्या खुणेवर आलं आणि तिथेच राहिलं. तिला वाटलं होतं या क्षणी गोड लागेल. पण गोड लागलं नाही. ओळी खऱ्या होत्या. पण पाचव्या भागाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. ते लिहिणाऱ्या बाईने पाचव्या भागात पेन्सिल खाली ठेवली होती, आणि ते ती सांगत नव्हती. दोनशे तेरा जणांना, शार्कवाल्या पोरालासुद्धा तिने ते सांगितलं होतं. आता हे पाठवणं म्हणजे न वाचता लिहिण्यापेक्षा वाईट. वाचून खोटं बोलणं.

माफ करायचं नाही, ती स्वतःशी म्हणाली. माफीचा इथे संबंधच नाही.

तिने बारा ओळी पुसल्या. तिसऱ्या भागाची एक ठेवली, बुधवार-मंगळवारची एक ठेवली. मग वर लिहिलं: 'मी ही कथा चुका काढायला उघडली. पाचव्या भागात साइमी त्याचा कप धुते, पुसते, आणि परत तिथेच ठेवते जिथे तो उष्टा पडलेला होता. तिथे मी पेन्सिल खाली ठेवली. मग पुढच्या दोन भागांत ती उचलली नाही. ही कथा मी अकरा वर्षांपूर्वी वाचायला हवी होती. मुद्दाम वाचली नाही.'

अकरा सत्तावन्न. तिने पाठवलं. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. फिरतच राहिलं. डेपोच्या जाड भिंतीत सिग्नल नेहमीच मरायचा. ती उठली, जेवणाऱ्यांच्या मधून धावली, दार लोटून अंगात कोट न घालता आवारात आली आणि फोन वर धरून बर्फात उभी राहिली. अकरा अठ्ठावन्न. चक्र थांबलं. पोहोचलं.

"झालं?" एन्सिओने बसच्या खिडकीतून ओरडून विचारलं.

"झालं!"

"लग्न कधी?"

तिला हसू आलं, आणि दात थंडीने वाजत होते.

बारा वाजून चार मिनिटांनी ओउतीचा निरोप आला. 'दोनशे चौदा. सगळ्या पोहोचल्या.' त्याखाली आणखी एक ओळ होती: 'मी आता नव्या घरी गेल्यावर पाचव्या भागाबद्दल लिहिणार आहे. मला तो कप अजून आठवतो.'

सातामाकडून काही आलं नाही. दिवस गेला, तीन गेले, आठवडा गेला. रायली दर थांब्यावर फोन बघायची, आणि असं आपण करतोय याचा तिला संताप यायचा. त्या दिवसांत तिला उमगलं की अभिप्राय लिहिणाराही वाट बघतो.

नवव्या दिवशी उत्तर आलं. रूढ आभार नव्हते. 'रास्तास, तुझ्या दुसऱ्या वाक्यात एक स्वल्पविराम कमी आहे. बुधवार-मंगळवार दुरुस्त केलं. तिसऱ्या भागाबद्दल तुझं बरोबर आहे, मला माणसांना बोलतं करता येत नाही. घरातही येत नसे. ही कथा टाकल्यावर आठ महिने मी रोज सकाळी पान उघडत होते. मग सोडून दिलं. तू काढून टाकलेली ती बर्फावरच्या दिव्याची कथा मला आठवते. बोटीबद्दल मी खरं लिहिलं होतं. दहा वर्षांबद्दल लिहिलं तो उद्धटपणा होता. तेव्हा माझा नवरा नुकताच गेला होता. हे कारण आहे, सबब नाही. हेल्का.'

रायलीने ते चार वेळा वाचलं. राग संपला असं काही झालं नाही. पण इतकी वर्षं तो ज्या चेहऱ्यावर होता तो चेहराच बदलला, आणि राग कुठे ठेवावा ते तिला कळेना. तिने उत्तरात लिहिलं, 'स्वल्पविराम मुद्दाम सोडलाय.' तो मुद्दाम सोडलेला नव्हता.

उरलेल्या दोनशे तेरापैकी एकोणीस जणांची उत्तरं आली. शार्कवालं पोर आता ओउलू शहरात दातांचा डॉक्टर होतं. त्याने लिहिलं की ती कथा आपण लिहिली हेच तो विसरला होता, आणि त्याने ती बायकोला वाचून दाखवली. एक बाई पुन्हा लिहू लागली. बाकीचे कुठे होते कुणास ठाऊक. त्यांच्या कथांखाली मात्र आता कुणीतरी येऊन गेल्याची खूण होती.

"आता तू लिही," ओउतीने एप्रिलमध्ये धोशा लावला. "आता कोण अडवतंय तुला?"

रायली बसली. तीन रविवार बसली, चार पानं झाली. वाईट नव्हती. पण चौथ्या रविवारी तिला जाणवलं की आपण उठून जायची वाट बघतोय, आणि फोरमवर आज कुणी काय टाकलं असेल याचाच विचार चाललाय. तेरा वर्षं ती समजत होती की आपल्यातली लेखिका सातामाने मारली. तशी कुणी तिथे राहतच नव्हती की काय? की होती, आणि खरोखरच मेली? याचं उत्तर तिला मिळालं नाही. तिने चार पानं खणात ठेवली आणि एका नवख्या मुलीच्या कथेखाली लिहायला बसली, आणि खांदे सैल झाले एवढं मात्र खरं.

मे महिन्याच्या एका गुरुवारी पोरी शहराच्या बाजारहॉलमध्ये त्या दोघी भेटल्या. हेल्काने सुचवलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांची, काटकुळी, राउमाहून आलेली. नवऱ्याने तीस वर्षं वाटाड्याची बोट चालवलेली. गुरुवार म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे वाटाण्याचं सूप होतं. तिने सूपला नावं ठेवली, खुर्चीला नावं ठेवली, मग पिशवीतून कागद काढले.

"तिसरा भाग. नवा लिहिलाय."

"आता वाचू?"

"मग काय, घरी नेऊन पूजा करणार आहेस?"

रायलीने चष्मा लावला. हेल्का हातातला चमचा फिरवत राहिली, मग तो ठेवला, मग उठून मासळीवाल्याच्या काचेपर्यंत जाऊन परत आली. बसली. पुन्हा उठली. गालांवर लाल चट्टे उठले होते. चौदा ओळी लिहिणारी बाई ती हीच, हे रायलीला खरं वाटेना.

"हसलीस का?" हेल्काने विचारलं. "कुठल्या ओळीला हसलीस?"

"गप्प बस ना."

"वाईट आहे का? वाईट असेल तर सांग. मी काही काचेची नाही."

"हेल्का," रायली पान उलटत म्हणाली, "अजून दोन पानं आहेत. तुझं सूप निवतंय, ते खा."

हेल्काने चमचा उचलला. पण खाल्लं नाही. रायलीचे डोळे ओळीवरून कसे सरकतात ते बघत राहिली.